मंद बूट: श्रम की प्रतीक्षा?

लिनक्सवर चालणारा घरचा संगणक सुरू व्हायला दोन-दोन मिनिटे घेऊ लागला, की त्याची जी कारणे सर्वत्र सांगितली जातात ती मोजकी आणि ठरलेली असतात: यंत्र जुने झाले, सेवा सुरू करणारी सिस्टमडी जड आहे, नको त्या सेवा चालू राहिल्या आहेत, आणि यांपैकी कशानेही गुण आला नाही, तर सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करावे. या चारही उत्तरांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे, ते असे की विलंब होतो तो काम जास्त असल्यामुळे किंवा काम करणारा दुबळा असल्यामुळे. आक्षेप आहे तो या गृहीतकावरच. बूट असह्य लांबतो तेव्हा पुष्कळदा प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही रिकामे बसलेले असतात आणि संगणक कधीही न येणाऱ्या कशाची तरी वाट पाहत असतो. म्हणून विलंबाचे निदान करताना पहिला प्रश्न ‘कोण हळू आहे’ हा नसून ‘कोण कोणासाठी थांबले आहे’ हा असला पाहिजे.

प्रथम बूट म्हणजे काय, ते स्पष्ट केले पाहिजे. वीज आल्यावर आधी मदरबोर्डवरील फर्मवेअर हार्डवेअरची तपासणी करते, मग ग्रबसारखा लोडर कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा स्मृतीत आणतो, कर्नल इनिटरामएफएस या छोट्या तात्पुरत्या फाइलव्यवस्थेच्या आधाराने खरी डिस्क शोधून जोडतो, आणि त्यानंतरच पहिली प्रक्रिया जन्माला येऊन ती बाकीच्या सेवा उभ्या करते. ‘सिस्टमडी-अनलाइझ’ ही आज्ञा या टप्प्यांचा वेळ वेगवेगळा सांगते (जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रावर पहिल्या दोन टप्प्यांचे आकडे मिळत नाहीत, ते घड्याळ लावूनच पाहावे लागतात). हा हिशेब न पाहता केलेला कोणताही उपाय अंधारातला ठरतो, कारण विलंब सेवांपर्यंत पोहोचण्याआधीचाही असू शकतो. उबुंटूत बूट पुरा होण्याआधीच वीज गेली, तर पुढच्या वेळी ग्रबचा मेनू ३० सेकंद उघडा राहतो; मागचा प्रयत्न फसल्याची ती नोंद असते, आणि ते ३० सेकंद कोणतीही सेवा बंद करून वाचणार नाहीत.

आता पहिला पूर्वपक्ष: यंत्र जुने, तेव्हा एसएसडी बसवावी. यात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या डिस्कला योग्य जागा वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक लागतात, शीर्ष सरकवायला त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे विखुरलेल्या फाइलींची सेकंदाला शंभरही वाचने होत नाहीत, आणि बूट म्हणजे तर हजारो विखुरलेल्या छोट्या फाइलींचे वाचन. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने हा खर्च बहुतांशी नाहीसा होतो. परंतु हे उत्तर श्रमाच्या विलंबाला आहे, प्रतीक्षेच्या नव्हे. संगणक नव्वद सेकंद कशासाठी थांबला असेल, तर जगातील सर्वांत वेगवान डिस्कवरही तो नव्वद सेकंदच थांबेल. यंत्राच्या दुबळेपणाचा मुद्दा तर २००८ सालीच निकालात निघाला होता. त्या वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतील पोर्टलंड येथील लिनक्स प्लंबर्स परिषदेत इंटेलचे आर्यन फान डे फेन आणि आउके कॉक यांनी असूसचा ईईई पीसी हा त्या काळातही कमकुवत गणला जाणारा छोटा संगणक पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांनी आधी वेळेचे अंदाजपत्रक आखले: कर्नलला एक सेकंद, आरंभीच्या सेवांना एक, चित्रप्रणालीला एक, डेस्कटॉपला दोन. बूट संपला याची त्यांची व्याख्याही कडक होती: नुसता पडदा दिसून भागत नाही, प्रोसेसर आणि डिस्क शांत झाले पाहिजेत.

नव्वद सेकंदांचा उल्लेख वर आला तो सहज नव्हे. बूट होताना पडद्यावर ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ आणि तिच्यापुढे दीड मिनिटाकडे सरकणारे घड्याळ अनेकांनी पाहिलेले असते. लिनक्सच्या प्रत्येक पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या विभागाला, फॉरमॅट होताना यूयूआयडी नावाची १२८ बिटांची स्वतंत्र ओळख मिळते, आणि कोणते विभाग जोडायचे याची यादी एफएसटॅब या फाइलीत बहुधा याच ओळखींनी लिहिलेली असते. एकाच संगणकावर दुसरे लिनक्स इन्स्टॉल करताना सामाईक स्वॅप विभाग, म्हणजे स्मृती अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरील जागा, पुन्हा फॉरमॅट झाला, की त्याची ओळख बदलते. पहिल्या लिनक्सच्या यादीत मात्र जुनीच ओळख राहते. मग सिस्टमडी त्या गेलेल्या विभागाची, डिस्क सावकाश जागी होत असेल या सद्भावनेने, ठरलेली मुदत म्हणजे ९० सेकंद वाट पाहते आणि नाद सोडून पुढे जाते. स्वॅपऐवजी साधा विभाग हरवला असेल आणि त्याच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय नसेल, तर ती पुढेही जात नाही, आणीबाणीच्या पडद्यावर आणून सोडते. डेबियन-उबुंटूच्या कुळात याला एक पोटभेद आहे. शीतनिद्रेतून जागे होण्यासाठी स्वॅपची जुनीच ओळख इनिटरामएफएसमध्येही नोंदलेली असते, म्हणून एफएसटॅब दुरुस्त केल्यावरही सुमारे ३० सेकंदांचा थांबा उरतो, आणि ‘रिझ्यूम’ नावाच्या छोट्या फाइलीतील नोंद बदलून इनिटरामएफएस नव्याने बांधल्याशिवाय तो जात नाही. डिस्क बदलताना जुन्या एफएसटॅबची नक्कल जशीच्या तशी नव्या डिस्कवर नेली, तर वेगासाठी घेतलेली एसएसडीच दीड मिनिटाचा विलंब घेऊन घरात येते.

दुसरा पूर्वपक्ष सिस्टमडीला आरोपी ठरवतो. लेनार्ट पोएटरिंग यांनी एप्रिल २०१० मध्ये तिची मांडणी जाहीर केली, २०११ च्या फेडोरा १५ ने ती प्रथम स्वीकारली आणि २०१५ मध्ये डेबियन ८ व उबुंटू १५.०४ यांनी. तिचा पसारा एकाच छत्राखाली फार वाढला, तिच्या नोंदी साध्या मजकुरात नसतात, हे आक्षेप गंभीर आहेत आणि डेव्हुआन हे वितरण त्यांतूनच जन्मले. पण ते रचनेविषयीचे आक्षेप आहेत, वेगाविषयीचे नव्हेत, आणि एका वादातले शस्त्र दुसऱ्या वादात चालवणे ही तर्काची ढिलाई होय. जुन्या सिसव्ही पद्धतीत सेवा क्रमांकानुसार एकामागून एक सुरू होत आणि प्रत्येक शेल-स्क्रिप्ट ग्रेप, सेड, ऑक अशा बारीकसारीक प्रक्रियांची रांग उभी करी. पोएटरिंग यांनी आपल्या लेखात एक बोलके मोजमाप दिले आहे: बूट झाल्यावर मिळणारा प्रक्रियाक्रमांक त्यांच्या मॅकवर १५४ होता, तर लिनक्सवर १८२३. अर्थात जुन्या पद्धतीतही सेवा समांतर चालवता येत, डेबियनने ते करूनही दाखवले होते, हे पोएटरिंगपक्षीयांनी विसरू नये. विलंब दाखवणारी ओळ सिस्टमडीच्या नावाने पडद्यावर येते म्हणून तो तिचाच दोष, असे मानणे म्हणजे गाडी उशिरा येण्याचा राग उद्घोषकावर काढणे आहे.

तिसरा पूर्वपक्ष सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक. ‘सिस्टमडी-अनलाइझ ब्लेम’ ही आज्ञा सेवांची उतरत्या वेळेनुसार यादी देते. ती पाहायची आणि वरच्या पाच-सहा सेवा बंद करायच्या, असा हा सल्ला. ब्लेम या नावातच दोषारोप असल्याने तो सल्ला आपसूक सुचतो. परंतु सेवा समांतर चालतात, त्यामुळे यादीतील आकड्यांची बेरीज एकूण वेळेशी जुळत नाही. शिवाय एखाद्या सेवेपुढे दिसणारा वेळ तिने दुसऱ्या सेवेची वाट पाहण्यात घालवलेला असू शकतो, असा इशारा त्या आज्ञेच्या माहितीपानातच दिलेला आहे. ‘प्लायमाउथ-क्विट-वेट’ हे त्याचे उत्तम उदाहरण: सुरुवातीचे चित्र दूर होण्याची वाट पाहणे एवढेच तिचे काम, म्हणून इतर जितके रेंगाळतील तितकी ती यादीत वर चढते. ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ ही सेवा जाळे जोडले जाईपर्यंत थांबते. घरगुती संगणकावर ती बहुधा निरुपद्रवी, आणि लॉगिनचा पडदा तिच्यावर अवलंबून नसेल तर ती बंद करूनही पडदा एक क्षण आधी येत नाही. मात्र जिथे विद्यार्थ्यांच्या फाइली सर्व्हरवरून जोडल्या जातात अशा प्रयोगशाळेत ती बंद केली, तर जाळे तयार होण्याआधीच जोडणीचा प्रयत्न होऊन ती फसू शकते. सेवा बंद केली आणि त्याच दिवशी बूट जलद झाला, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते.

ब्लेमच्या यादीऐवजी ‘सिस्टमडी-अनलाइझ’चीच ‘क्रिटिकल-चेन’ पाहावी. ती अवलंबनाची साखळी दाखवते: अंतिम लक्ष्य कोणत्या कडीसाठी थांबले, ती कडी कोणासाठी. ‘ॲट’ चिन्हापुढचा आकडा कडी तयार झाल्याची वेळ सांगतो, अधिक चिन्हापुढचा तिला सुरू व्हायला लागलेला वेळ. हीही निर्दोष नाही, कारण गरज पडल्यावरच जाग्या होणाऱ्या सेवा तिच्यात नीट उमटत नाहीत. म्हणून तिच्या जोडीला ‘जर्नलसीटीएल’ने त्या बूटची नोंद वाचावी आणि दोन ओळींमधील मोठी शांतता शोधावी. ज्या मिनिटात काहीच लिहिले गेले नाही, ते मिनिट बहुधा प्रतीक्षेचे असते.

प्रतीक्षा आणि श्रम यांतील भेदाचा निर्णायक पुरावा २०१९ सालच्या कर्नल ५.३ च्या वेळी मिळाला. ईएक्सटी४ या फाइलव्यवस्थेत एक सुधारणा झाली, जिच्यामुळे डिस्कची अनेक छोटी वाचने एकत्र होऊ लागली आणि डिस्कचे काम हलके झाले. पण त्या काळी कर्नल यादृच्छिक संख्यांसाठी लागणारी अनिश्चितता ज्या घटनांतून गोळा करी, त्यांत डिस्कच्या हालचालीही होत्या. हालचाली घटल्याने साठा भरेना, आणि लॉगिनच्या पडद्याला यादृच्छिक संख्या हवी असल्याने एका आर्च लिनक्स वापरणाऱ्याचा संगणक तिथेच अडकून पडला. डिस्क अधिक कार्यक्षम झाली म्हणून बूट थांबला! लिनस टॉर्वाल्ड्स यांनी १५ सप्टेंबरला ५.३ प्रसिद्ध करताना ती सुधारणा मागे घेतली, मुळात तिच्यात काही चूक नसतानाही, आणि ५.४ मध्ये कर्नल प्रोसेसरच्या कालमापनातील सूक्ष्म चढउतारांतून ती अनिश्चितता स्वतःच निर्माण करू लागला. यंत्र जुने की नवे, सेवा किती, या प्रश्नांना इथे काही अर्थच नव्हता.

राहिला पुन्हा इन्स्टॉल करण्याचा उपाय. तो पुष्कळदा लागू पडतो हे खरे, आणि म्हणूनच तो टिकून आहे. मात्र तो लागू पडतो याचे कारण इतकेच की इन्स्टॉलर विभागांच्या त्या घटकेच्या ओळखी वाचून एफएसटॅब नव्याने लिहितो. ज्या दुरुस्तीसाठी ‘ब्लकआयडी’ ही आज्ञा चालवून एक ओळ बदलणे पुरेसे होते, तिच्यासाठी सबंध डिस्क पुसली जाते. आणि दुसरे लिनक्स शेजारी असेल व स्वॅप सामाईक असेल, तर या खेपेस दीड मिनिट थांबण्याची पाळी त्याच्यावर येते.