दावा फेटाळला, पुढे काय?



घर खाली करून मागणारा मालकाचा दावा न्यायालयाने फेटाळला की चाळीत पेढे वाटले जातात. हा आनंद रास्तच आहे. परंतु त्याच वेळी कोणी म्हणतो, “साहेबांनी दया केली,” तर कोणी म्हणतो, “आता घर आपलेच झाले.” हे दोन्ही समज घातक आहेत.

पहिला समज गुलामीचा आहे. जो भाडेकरू भाडे देतो किंवा देण्यास तयार असतो आणि कराराच्या अटी पाळतो, त्याचा ताबा एरव्ही काढून घेता येत नाही, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे १५ वे कलम सांगते. थकबाकीसाठीदेखील लेखी नोटिशीनंतर ९० दिवस लोटल्याशिवाय दावा लावता येत नाही. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले, तेव्हा ना नोटीस होती, ना न्यायालय. होत्या त्या काठ्या. काठी आणि कायदा यांतील अंतर ज्याने ओळखले, तो दयेची भाषा बोलत नाही.

दुसरा समज आळसाचा आहे. दावा फेटाळल्याने मालकी मिळत नाही. तुम्ही भाडेकरूच राहता. मालकास ३० दिवसांच्या आत अपील करता येते. तो तारखेस गैरहजर राहिला म्हणून दावा निघाला असेल, तर सबळ कारण दाखवून तो पुन्हा उभा करता येतो. गुणदोष तपासून निकाल झाला असेल, तर तोच वाद त्याच पक्षकारांत पुन्हा उकरता येत नाही. पण पुढे भाडे थकले, तर ते नवे कारण होते. म्हणून “जिंकलो का?” यापेक्षा “दावा कशामुळे फेटाळला?” हे आधी विचारा. निकालपत्राची प्रमाणित नक्कल काढा आणि घरातील शिकलेल्या मुलीकडून ती वाचून घ्या. दरमहा भाडे भरा व पावती मागा; ती देणे मालकावर बंधनकारक आहे. सूडबुद्धीने त्याने पाणी वा वीज तोडली, तर कायद्याने तो गुन्हा आहे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून खचू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. दीक्षा घेतल्याने हा हक्क बुडतो, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांनाही स्थान मिळाले आहे.

न दिलेले घेणार नाही, हे शील आपण ग्रहण केले आहे. तेव्हा मालकाचे भाडे बुडवू नका. आणि आपला कायदेशीर ताबा कोणी हिरावून घेत असेल, तर तेही मुकाट्याने सोसू नका. शील पाळणाऱ्यानेच हक्कासाठी ताठ मानेने उभे राहावे.

जय भीम!