मोजावे ते काय?

मोजमाप ही मनुष्याची फार जुनी सवय. पण काय मोजावे, हा विवेक प्रत्येक पिढीला नव्याने शिकावा लागतो. हैदराबादेतील आपल्या अनेक घरांतील मुले-मुली आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. अपरात्री त्यांचा फोन वाजतो, ती उठून पडद्यावरील आलेख न्याहाळू लागतात, आणि ही पाहतात तरी काय, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडतो. त्याचे उत्तर देण्याचे आम्ही या वेळी योजिले आहे.

सर्व्हर किती राबतो आहे, त्याची मेमरी किती भरली आहे, हे आकडे आयते मिळतात. परंतु शाळेची फी भरून घेणारा एखादा प्रोग्राम घ्या. यंत्र धडधाकट आहे, पडदाही उघडतो आहे, आणि तरीही एकाही पालकाची फी जमा होत नाही, असे घडू शकते. हजेरीपट भरला म्हणजे वर्गात अध्ययन झालेच असे नव्हे, त्यातलाच हा प्रकार. किती फी जमा झाली, किती वेळा नाकारली गेली, हे यंत्र आपण होऊन सांगत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच ते मोजून देखरेख करणाऱ्या व्यवस्थेच्या स्वाधीन करावयाचे असते.

अशा व्यवस्थांपैकी ‘प्रोमिथियस’ ही फार प्रसिद्ध आहे. बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत २०१२ साली तिचा आरंभ झाला. प्रोग्राम आपले आकडे साध्या मजकुराच्या रूपाने एका ठरलेल्या पत्त्यावर मांडून ठेवतो आणि प्रोमिथियस ठरावीक वेळाने, समजा दर १५ सेकंदांनी, येऊन ते वाचून नेते. गुरुजी हजेरी घेतात तसेच हे होय. उत्तर आले नाही, तर ते मौनही नोंदले जाते.

या मापांचे मुख्य प्रकार समजण्यास अवघड नाहीत. ‘काउंटर’ विजेच्या मीटरप्रमाणे केवळ वाढतो. प्रोग्राम पुन्हा सुरू झाला तरच शून्यावर येतो. म्हणून त्याच्या एकूण आकड्यापेक्षा वाढीचा वेग पाहावा. ‘गेज’ टाकीतील पाण्याप्रमाणे चढतो-उतरतो. ‘हिस्टोग्राम’ परीक्षेतील गुणांप्रमाणे गट पाडतो. त्याची आवश्यकता का, ते पाहा. शंभर पालकांपैकी ९५ जणांचे काम ०.२ सेकंदात झाले आणि पाच जणांना १० सेकंद ताटकळावे लागले, तर सरासरी येते ०.६९ सेकंद. सरासरी पाहणारा अधिकारी संतुष्ट राहील. त्या पाच जणांचा त्रास मात्र गट पाडल्यावाचून दिसणार नाही.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. प्रत्येक मापाला ‘लेबल’ लावता येते. दहा शहरे, पैसे भरण्याचे पाच मार्ग आणि यश-अपयश हे दोन निकाल, एवढ्याने शंभर निरनिराळ्या आकड्यांच्या मालिका होतात. त्यात प्रत्येक पालकाचा फोन नंबर घातला की मालिका लाखांच्या घरात जातात आणि देखरेख करणारी व्यवस्थाच त्या ओझ्याने वाकते. शिवाय ज्याची खाजगी माहिती ती त्याचीच. आलेखावर तिचे काय काम?

आमच्या तरुण वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, नवा प्रोग्राम हाती घेताना पहिला प्रश्न असा विचारावा : हे काम बिघडले तर प्रथम कोणाची अडचण होईल? ज्या आकड्यात ती अडचण दिसेल तो आधी मोजावा, आणि फोन वाजावयाचा तो त्यावरूनच वाजावा. निष्कारण वाजणाऱ्या घंटेकडे पुढे कोणी लक्ष देत नाही, हे शाळेत आयुष्य घालविलेल्यास निराळे सांगावयास नको. आणि वडीलधाऱ्यांनो, तुमचे मूल रात्री उठून त्या आलेखाकडे पाहते, तेव्हा त्या रेषेमागे कोणा अपरिचिताचे अडलेले काम असते, एवढे ध्यानी असू द्यावे.