घर विकणाऱ्याचे मौन

मध्यमवर्गीय माणूस बहुधा आयुष्यात एकदाच घर घेतो. भविष्यनिर्वाह निधी, घरातले दागिने आणि बँकेचे दीर्घ मुदतीचे कर्ज असे सारे पणाला लावून तो खरेदीखतावर सही करतो. पहिल्याच पावसाळ्यात नव्या रंगाआडची ओल वर आली, किंवा इमारत धोकादायक ठरल्याची नोटीस विक्रेत्याने दडवली होती असे उघडकीस आले, तर ‘आधीच पाहून घ्यायचे होते’ हा उपदेश त्याच्या वाट्याला येतो. कायदा मात्र इतका निष्ठुर नाही.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम या बाबतीत स्पष्ट आहे. मालमत्तेतील किंवा मालकीहक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, पण खरेदीदाराला ठाऊक नाही व साधारण काळजी घेऊनही कळण्याजोगा नाही, तो सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य होय. विरुद्ध करार नसेल तर हे कर्तव्य चुकवणे म्हणजे कपट, असे हेच कलम म्हणते. १८७२ च्या करार कायद्यानुसार कपटाने मिळवलेली संमती फसवल्या गेलेल्या पक्षाला रद्द ठरवून घेता येते.

यातून खरेदीदारापुढे दोन मार्ग राहतात. व्यवहार पुरा होण्यापूर्वी दोष कळला तर त्यास माघार घेऊन इसारा परत मागता येतो. खरेदीखत झाले असेल तर ते रद्द करण्यासाठी, किंवा घर ठेवून नुकसानभरपाईसाठी, दिवाणी दावा लावता येतो. खत रद्द करण्याच्या दाव्याची मुदत कपट उघड झाल्यापासून तीन वर्षांची आहे. फसवणुकीची फौजदारी तक्रारही करता येते. परंतु तिने गळके छत दुरुस्त होत नाही.

खरी गोम ‘साधारण काळजी’ या दोन शब्दांत आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या तड्याबद्दल मागाहून तक्रार चालत नाही. आणि विक्रेत्याला दोष माहीत होता, हे सिद्ध करण्याचे ओझे खरेदीदारावरच पडते.

नव्या घराच्या ग्राहकाची स्थिती यापेक्षा बरी आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालील ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच मान्य केले. परंतु एका खाजगी मालकाकडून दुसऱ्याने घेतलेले जुने घर सामान्यतः या दोन्ही छत्रांबाहेर राहते. जेथे दोष लपण्याचा संभव अधिक, तेथेच संरक्षण कमी, अशी ही विसंगती आहे.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की माहिती एकाच पक्षाकडे असली म्हणजे खरेदीदार सर्वच मालाकडे संशयाने पाहतो आणि प्रामाणिक विक्रेत्यालाही योग्य भाव मिळत नाही. घरांच्या बाजाराला हे तंतोतंत लागू पडते. गळती, दुरुस्त्या, नोटिसा व चालू दावे यांचे विक्रेत्याने सही केलेले निवेदन प्रत्येक खरेदीखतास जोडणे सक्तीचे केले, तर निम्मे वाद न्यायालयापर्यंत जाणार नाहीत. तोवर खरेदीदाराने हे प्रश्न लेखी विचारावेत आणि लेखी उत्तरांचाच आग्रह धरावा. तोंडी आश्वासनाला साक्षीदार नसतो. खोट्या लेखी उत्तराला मात्र विक्रेत्याची सहीच साक्ष देते.