फोनचा वेग वाढवावा का?

विद्यार्थी मित्रहो, फोन अडखळू लागला की तुमच्यापैकी काहीजण एक उपाय सुचवतात : ओव्हरक्लॉकिंग. म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे. काही फोनवर हे करता येते, हे खरे. पण घरच्या फोनवर ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. ठोके वाढवले की बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि खरी मेख तिथेच आहे. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, तसाच व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढतो. वेग २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर १.२ × १.१ × १.१ म्हणजे सुमारे १.४५. वीस टक्के वेगासाठी पंचेचाळीस टक्के जादा उष्णता!

संगणकात पंखा असतो, बहुतेक फोनमध्ये तो नसतो. म्हणून फोन फार तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. कमावलेला वेग काही मिनिटांत जातो आणि ताप मात्र बॅटरीला सोसावा लागतो. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही, आणि आपल्या बुऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. यंत्रमागावर पोट असलेल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. माग प्रमाणाबाहेर पळवला की धागे तुटतात आणि वाचवलेला वेळ ते जोडण्यात जातो.

२००८ साली पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, आला तेव्हा गोष्ट निराळी होती. त्याची चिप ५२८ मेगाहर्ट्झची, पण सुरुवातीला चालवली जाई ३८४ वर. वाढवायला जागा होती. आजच्या चिप मुळातच मर्यादेजवळ चालतात. शिवाय या उद्योगासाठी फोन ‘रूट’ करावा लागतो, आणि अशा फोनवर अनेक बँकांची ॲप चालत नाहीत. ज्या फोनवर वडिलांच्या दुकानाचे पैसे जमा होतात, त्यावर हा प्रयोग कशाला?

पालकांनी आधी साधे उपाय करावेत. नको असलेली ॲप आणि व्हिडिओ काढून जागा मोकळी करावी, जुनी बॅटरी बदलावी. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आपण कमी करतो, हे ॲपलने २०१७ मध्ये मान्य केले होते. बॅटरी बदलली की तो वेग परत मिळे.

विश्वस्त मंडळाला एक विनंती. मुलांचे कुतूहल दाबू नये. ज्याचा वेग बदलता येतो असा एखादा बाद झालेला संगणक त्यांना प्रयोगशाळेत द्यावा. शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यांनी वेग वाढवावा, तापमान मोजावे, वहीत नोंदी कराव्यात. बिघडला तरी विद्या पदरात पडेल, आणि घरचा फोन शाबूत राहील.