पाणी कुठे जाणार, ते आधी विचारा

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आरतीला उभे होतो आणि छतातून पाण्याचा एक थेंब पडला. तो मखराच्या कडेवर पडला. दुसरा पडला तो मूर्तीपासून वीतभर अंतरावर. मूर्ती पेणची, शाडूच्या मातीची. शाडूवर पाणी पडले तर काय होते, हे आमच्या भागात शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. आरती अर्ध्यावर सोडता येईना आणि नजर छतावरून हलेना. शेवटी सूनबाईंनी स्वयंपाकघरातून परात आणून मखरावर धरली आणि तशीच आरती पुरी झाली. बाहेर पाऊस होता खरा, पण हे पाणी पावसाचे नव्हते. स्लॅब कोठेही गळत नव्हता. पाणी होते आमच्या नव्याकोऱ्या वातानुकूलन यंत्रणेचे. त्या थेंबाला जबाबदार कोण, हे घरात फक्त दोघांना ठाऊक होते. एक मला, आणि दुसरे माझ्या आईला!

हे घर कासूत आहे. पनवेल-रोहा लोहमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या मधले हे लहानसे स्टेशन. शेजारून मुंबई-गोवा महामार्ग जातो, आणि पश्चिमेला खाचरे, खारबंदिस्ती आणि त्यापलीकडे धरमतरची खाडी. अशा गावातल्या घराला ‘सेंट्रल एसी’ कशाला हवा, असे वाचकांच्या मनात आले असेल. माझ्याही आले होते. पण ही गोष्ट हौसेपासून सुरू झाली नाही, ती वादळापासून सुरू झाली.

आमचे जुने घर मंगलोरी कौलांचे होते. पुढे ओटी, मागे पडवी, वर माळा. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई आणि दुपारनंतर खाडीकडून येणारे खारे वारे पडवीतून थेट माजघरात शिरत. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकण्याआधी ते आम्ही अंगावर घेतलेले होते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्यात निम्मी कौले उडाली. पुढे कितीतरी दिवस गावात वीज नव्हती. ‘आता पुन्हा कौले नकोत,’ असे सर्वानुमते ठरले आणि स्लॅबचे घर उभे राहिले. वादळाची भीती गेली, पण उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत ऊब खाली सोडू लागला. महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले ते वर्षानुवर्षे रेंगाळले. त्यात रस्त्याकडेची जुनी सावली गेली आणि धूळ वाढली. धूळ येते म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतल्या. म्हणजे छत तापणारे, वारा बंद, आणि आत ८३ वर्षांची, दम्याचा विकार असलेली आई.

उन्हाळा ही आता केवळ गैरसोयीची बाब राहिलेली नाही. मार्च २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या भिरा येथे ४६.५ अंश तापमान नोंदले गेल्याची बातमी देशभर गाजली. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर १४ माणसे उष्माघाताने दगावली. किनाऱ्याच्या पट्ट्यात पारा एवढा चढतोच असे नाही, पण हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हृदयावर त्याचा भार पडतो. दुबईत नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी फोनवर फर्मान काढले, “बाबा, आजीसाठी करायचेच आहे तर नीट करा. भिंतीवर डबे टांगू नका. डक्टचा करा.”

यानिमित्ताने मी थोडे वाचन केले आणि एक गंमत कळली. हे यंत्र मुळात माणसाला गारवा देण्यासाठी जन्मले नाही. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगावर रंग नेमका बसत नसे. तेव्हा विलिस कॅरियर नावाच्या तरुण अभियंत्याने हवेतला दमटपणा ताब्यात ठेवण्याची जी योजना आखली, ती आजच्या वातानुकूलनाची सुरुवात मानली जाते. हवेतून पाणी काढणे हे या यंत्राचे पहिले काम. आणि काढलेले ते पाणी कुठेतरी जाणारच! आमच्या घरी ते मखरावर गेले.

ही यंत्रणा असते कशी, ते थोडक्यात सांगतो. घराबाहेर एक पेटी, आत छताखाली दुसरी. आतल्या पेटीला ‘एअर हँडलर’ म्हणतात. तिच्यात पंखा, थंड होणारी जाळीदार कॉइल आणि पुढे फिल्टर. दोन पेट्यांना जोडतात तांब्याच्या दोन नळ्या, ज्यांतून गॅस फिरतो. थंड हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते आणि तिथली हवा परत पेटीकडे येते. यांतले काहीही, काम पुरे झाल्यावर, घरमालकाला दिसत नाही. दिसतात त्या छतातल्या चार जाळ्या आणि हातातला रिमोट. आणि आपला सगळा सौदा चालतो तो दिसणाऱ्या गोष्टींवर. कंपनी कोणती, स्टार किती, जाळीचा रंग पडद्याला शोभतो का. न दिसणाऱ्या कामाचे पैसे मात्र आपल्याला जड जातात.

मीही तेच केले. काम करायला आलेला मुलगा रोह्याकडचा, आयटीआय झालेला, नवी मुंबईत दहा-बारा वर्षे हेच काम केलेला. त्याने नळ्या जोडताना आतून नायट्रोजन सोडला. का, तर डागाच्या उष्णतेने नळीच्या आत काजळी धरते, ती पुढे यंत्रात जाऊन अडकते. मग दाबाने नायट्रोजन भरून रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी काटा जागचा हलला नाही हे मला दाखवले. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून तो तासन्‌तास बसून राहिला. मी म्हणालो, “अरे, रिकामा पंप चालवून वेळ का घालवतोस? गॅस भर आणि मोकळा हो.”

तो म्हणाला, “काका, नळीत दमट हवा राहिली तर आतल्या तेलाशी मिळून आम्ल होतं. कॉम्प्रेसर आतून खातं ते.”

आई ओटीवरून ऐकत होती. ती म्हणाली, “बसू दे त्याला. लोणच्याची बरणी ओली ठेवलीस आणि बुरशी आली, तर दोष कैरीचा नसतो.”

तेवढ्यापुरता मी गप्प बसलो. पण २०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि हाताशी तीन दिवस उरले होते. मुलगा म्हणाला, “काका, आणखी एक दिवस द्या. ड्रेनमध्ये पाणी ओतून बघतो, आणि डक्टच्या सांध्यांवर इन्सुलेशन परत तपासतो.” एका दिवसाची मजुरी आणि सुताराचा खोळंबा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी म्हणालो, “गणपती येतायत. सीलिंग बंद करा, नंतर बघू.” सीलिंग बंद झाले. बाकीचे वाचकांना ठाऊक आहे.

निरोप मिळताच मुलगा आला. त्याने ‘मी सांगितलं होतं’ असे एका शब्दाने म्हटले नाही. सीलिंग कापले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पाण्याच्या नळीला उतार नव्हता. मीटरला सेंटीमीटरभर तरी उतार हवा, तिथे सुताराच्या पट्टीने नळी मध्येच उचलली गेली होती. आणि पेटीजवळ नळीला पाणी धरून ठेवणारे वळण नव्हते. पंखा आतून हवा ओढतो. हे वळण पाण्याने भरलेले नसले तर तो नळीतूनही हवा ओढत राहतो आणि ताटलीतले पाणी बाहेर पडू शकत नाही. दमट दिवसांत एवढ्या यंत्रातून तासाला चार-पाच लिटर पाणी सहज निघते. ते ताटलीवरून ओसंडले. शिवाय डक्टच्या एका उघड्या सांध्यावर, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतो तसा, घाम सुटला होता. दीड दिवसाच्या विसर्जनानंतर पुन्हा सुतार, पुन्हा रंगारी. वाचवलेल्या एका दिवसाच्या मजुरीपायी मी चार दिवसांची मजुरी मोजली.

माझे म्हणणे एवढेच आहे, की असल्या यंत्राचा थंडावा दुकानात मिळत नाही, तो छताच्या आत झाकल्या जाणाऱ्या कामात असतो. ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे, की त्यात काही चूक आहे असे कोणाला वाटत नाही. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ गळला. गळलेला सांधा न शोधता वरून भरत राहणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. पूर्वीच्या आर-२२ वायूने ओझोनच्या थराला इजा होई, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगाने तो टप्प्याटप्प्याने मागे घेतला. आताचे वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण हवेत सुटले तर आर-३२ हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट आणि आर-४१०ए सुमारे २००० पट पृथ्वी तापवतो. आपल्या आईची खोली थंड करताना शेजाऱ्याच्या आईचा उन्हाळा वाढवायचा, याला काय म्हणावे?

दम्याच्या माणसासाठी फिल्टर महत्त्वाचा, हेही मी उशिरा शिकलो. यंत्राबरोबर येणारी साधी जाळी फक्त जाड धूळ अडवते. बारीक धुळीसाठी घडीचा फिल्टर लागतो, पण तो बसवायचा तर पंख्यात तेवढा जोर हवा, आणि फिल्टर काढायला हात पोचेल असे झाकण हवे. आमच्या पहिल्या सीलिंगला झाकणच नव्हते. ज्या फिल्टरपर्यंत हात पोचत नाही तो धुतला जात नाही, आणि न धुतलेला फिल्टर धूळ साठवायचे कोठार होतो. आता झाकण आहे, आणि महिन्यातून दोनदा मी स्टुलावर चढतो.

यावर कोणी म्हणेल, त्यापेक्षा आईच्या खोलीत एक साधा स्प्लिट लावला असता तर? बरोबर आहे. बहुतेक घरांना तेवढाच पुरे. आणि त्याच्याही आधी घराकडे पाहायला हवे होते. आम्ही उलट्या क्रमाने गेलो. यंत्र आधी आले, आणि स्लॅबवर पांढरा रंग व पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याची पडवी नंतर आली. ती आल्यावर यंत्राचे काम निम्मे नाही तरी बरेच हलके झाले. २०२० पासून स्टार असलेल्या नव्या खोलीच्या एसींवर सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे सरकारने सक्तीचे केले आहे. आमच्याकडे आई २६ वर ठेवते, आणि तिला तेवढे पुरते. खिडक्या मात्र आम्ही पक्क्या बंद करू दिल्या नाहीत. वादळात दिवसेंदिवस वीज नसते हे या गावाने पाहिले आहे. वीज नसताना ज्या घराला श्वास घेता येत नाही, त्याला कितीही गारवा आणला तरी ते घर कच्चेच.

हल्ली दुपारी बारा ते चार यंत्र चालते. पाचाच्या सुमाराला खाडीकडचा वारा लागला, की आई स्वतःच रिमोटचे बटण दाबते, खिडकी उघडते आणि पडवीत जाऊन बसते. यंत्र वाईट असे ती कधी म्हणत नाही. तिच्या दुपारच्या झोपेत आता खंड पडत नाही, आणि मला ते यंत्राच्या किमतीहून मोठे वाटते.

गावात आणखी दोन घरांत असले काम निघाले आहे. परवा त्यांतले एक गृहस्थ विचारायला आले, “कंपनी कोणती घेऊ?” मी म्हटले, “कंपनी नंतर. आधी त्या मुलाला विचारा, पाणी कुठे जाणार. आणि तो एक दिवस जास्त मागेल, तेव्हा घासाघीस करू नका.”