सदोष नायक

निर्दोष नायकापुढे मस्तक नमते. सदोष नायकावर मात्र जीव जडतो. परदेशी चित्रकथांवरील चित्रपट आज बुलढाणा जिल्ह्यातील बीबीच्या मुलांनाही घरबसल्या पाहता येतात. २००८ च्या ‘आयर्न मॅन’ चित्रपटातील टोनी स्टार्क हा गर्विष्ठ शस्त्रनिर्माता आहे. स्वतःच्याच कंपनीच्या शस्त्राने घायाळ झाल्यावर तो शस्त्रनिर्मिती बंद करतो.

अशा नायकाचे आकर्षण मराठी मनाला नवे नाही. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ या १९६७ मधील कादंबरीचा नायक कर्ण आहे. सूतपुत्र म्हणून हिणविल्या गेलेल्या कर्णाची व्यथा वाचकाला आपलीच वाटते. परंतु महाभारतातील याच कर्णाने भर सभेत द्रौपदीचा अपमान केला. त्याच्यावर झालेल्या अन्यायामुळे त्याचा संताप समजतो. द्रौपदीवरील अन्याय मात्र त्यामुळे क्षम्य ठरत नाही. स्टार्कने चूक ओळखून मार्ग बदलला. कर्णाने अधर्म ओळखूनही दुर्योधनाची बाजू सोडली नाही.

म्हणून अशा नायकांवर प्रेम अवश्य करावे. परंतु त्यांच्या दुःखाबरोबर त्यांचे दोषही पूज्य मानू नयेत. दुःख पाहून डोळे पाणावले, तरी न्यायाची दृष्टी अंधुक होऊ देऊ नये.