राज्यशास्त्र : हुशार मुलांनी न घ्यायचा विषय?

नववीच्या वर्गात भारताच्या परराष्ट्र धोरणाचा पाठ सुरू झाला की १९५४ च्या पंचशील कराराचा उल्लेख करावाच लागतो, आणि तो केला की बाकांवर चुळबूळ सुरू होते. आपल्या विद्यालयातील मुले रोज सकाळी वंदनेच्या वेळी पंचशील ग्रहण करतात. त्यांच्या दृष्टीने हा शब्द विहारातला आहे. तो दिल्ली आणि पेकिंगच्या करारात कसा गेला, हे त्यांना उमगत नाही. एका वर्षी एका धीट मुलाने उठून विचारले, "सर, मग चीननेपण दारू न पिण्याचं कबूल केलं होतं का?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. नंतर विचार करता वाटले, की हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. वैयक्तिक शीलाचा शब्द राज्याच्या व्यवहारात आला म्हणजे त्याचे काय होते, हे त्या मुलाने नकळत विचारले होते. नेमका हाच प्रश्न बाबासाहेबांनी २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत उपस्थित केला होता.

तिबेटशी चालणाऱ्या व्यापारासंबंधीचा तो करार एप्रिलमध्ये झाला होता. एकमेकांच्या प्रदेशाचा व सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, समानता व परस्परहित आणि शांततामय सहजीवन ही त्याची पाच तत्त्वे. देशभर त्यांचे कौतुक चालू असताना बाबासाहेबांनी सभागृहात विचारले, की माओंची पंचशीलावर खरोखर श्रद्धा असती, तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना निराळी वागणूक दिली नसती काय? राजकारणात पंचशीलाला थारा नसतो, असे त्यांचे स्पष्ट मत होते. पुढे दोनच वर्षांनी लाखो लोकांना पंचशील देणारा महापुरुष हे बोलत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भाषणाचे मोल कळते. शील ही त्यांच्या दृष्टीने जीवनातील सर्वांत मोठी गोष्ट होती, आणि म्हणूनच राज्यांच्या व्यवहारात तो शब्द स्वस्त होऊ नये, असे त्यांना वाटले असावे. १९६२ च्या युद्धाने बाबासाहेब खरे ठरले, एवढे सांगून आपले वक्ते टाळ्या घेतात. ते या निष्कर्षापर्यंत कसे आले, कोणत्या अभ्यासाने आले, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्यांच्या राजीनाम्याचेही तसेच झाले आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळ सोडले ते हिंदू कोड बिलासाठी, हे आपल्या शाळेतील पाचवीचे मूलही सांगेल आणि ते खरेच आहे. परंतु १० ऑक्टोबरला प्रसृत केलेल्या निवेदनात त्यांनी परराष्ट्र धोरणाविषयीची आपली अस्वस्थताही तेवढ्याच तपशिलाने मांडली होती. वार्षिक ३५० कोटींच्या महसुलापैकी सुमारे १८० कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात, हा भार आपल्या परराष्ट्र धोरणाचा थेट परिणाम आहे आणि संकटसमयी मदतीला येईल असा मित्र आपण जोडलेला नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्याशी कोणी सहमत होवो वा न होवो, विचार करण्याची रीत पाहावी. परराष्ट्र धोरणाचे मोजमाप त्यांनी गोरगरिबांच्या तोंडच्या घासाशी लावले. आपल्या जयंतीच्या भाषणांतून निवेदनाचा हा भाग गळतो, कारण तो समजावून सांगण्यासाठी लागणारे शिक्षण आपण घेतलेले नाही आणि मुलांनाही घेऊ देत नाही.

'घेऊ देत नाही' हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरले आहेत. काही वर्षांपूर्वी वीटभट्टीवर काम करणाऱ्या आईवडिलांची एक मुलगी आपल्या विद्यालयातून दहावीला पहिली आली. संयुक्त राष्ट्रांत काय चालते ते मला शिकायचे आहे, असे ती म्हणाली. तिला कला शाखेत जायचे होते. आम्ही दोघे-तिघे शिक्षक संध्याकाळी तिच्या घरी गेलो. एवढे गुण मिळवून आर्ट्सला जाणे म्हणजे गुण वाया घालवणे, असे आम्हीच तिच्या आईला पटवले. वडील म्हणाले, "सर म्हणतील तसं." ती अभियंता झाली, पुण्यात चांगल्या पगारावर आहे, घर पक्के झाले आहे. मागल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी भेटायला आली तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. निघताना तिने एवढेच विचारले, "सर, आताच्या मुलांना तरी सांगता का, की आर्ट्समध्येही शिकण्यासारखं असतं?" आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही.

आपल्या वस्त्यांत राज्यशास्त्र हा विषय कोण घेते? ज्यांना दुसरे काही मिळाले नाही ते. पदवीचे तीन वर्षे मार्गदर्शकांतील तयार उत्तरांवर निघतात. पुढे स्पर्धा परीक्षेच्या वर्गात तेच राज्यशास्त्र कलमांच्या क्रमांकांनी पाठ होते : कलम १७ म्हणजे अस्पृश्यता निवारण, कलम ३२ म्हणजे घटनात्मक उपायांचा हक्क. कलम कोठे आहे हे माहीत असते. ते प्रत्यक्षात का चालत नाही, अंमलबजावणीचा अधिकार कोणाकडे आहे, त्यासाठी अर्थसंकल्पात पैसा कोणत्या शीर्षाखाली येतो आणि कोठे अडतो, हे विचारण्याची सवय लागत नाही. राजकारण मात्र आपल्याकडे भरपूर आहे. चौकाचौकांत फलक आहेत, गट आहेत, गटांचे उपगट आहेत. शासन कसे चालते याचा अभ्यास मात्र क्वचितच दिसतो.

बाबासाहेबांनी तो कसा केला? १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राजकारणाचे अवघे ३. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. इतिहासाच्या शिक्षकाला त्यातील ११ हा आकडा सुखावतो, हे आम्ही मोकळेपणी मान्य करतो. परंतु खरी शिकण्याची गोष्ट त्या ३ मध्ये आहे. ज्याने पुढे देशाची राज्यघटना घडवली, त्याने राजकारण हा विषय एकटा शिकून चालत नाही हे विद्यार्थिदशेतच ओळखले होते. केंद्र आणि प्रांत यांच्या संबंधांविषयी बोलण्यापूर्वी त्यांनी प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. तो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आला. सायमन कमिशनपुढे साक्ष देणारा, गोलमेज परिषदेत बोलणारा माणूस आकडे आणि कायदा दोन्ही हातांत घेऊन उभा होता. विद्यापीठात राज्यशास्त्र शिकावे असे आम्ही म्हणतो, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर हा अभ्यास असतो. अर्थशास्त्राची भीती बाळगणाऱ्या आणि इतिहासाला सनावळी समजणाऱ्या विद्यार्थ्याने नुसते राज्यशास्त्र घेऊन काही साधणार नाही.

आणि हे शिक्षण थोड्यांपुरते राहू नये असेही त्यांना वाटत होते. १९५६ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, प्रकृती ढासळलेली असताना त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले. ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स असे त्याचे नाव. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ते फार काळ चालले नाही. आपण त्यांचे पुतळे उभारले, महाविद्यालये वाढवली. ही एक शाळा मात्र बंद झाली ती झालीच.

परराष्ट्र धोरण आपल्या मुलांना कशाला, असे पालक विचारतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा लासलगावच्या बाजारात काय झाले, हे महाराष्ट्राने पाहिले. शेतकऱ्यांच्या व्यथा वर्तमानपत्रांत आल्या, आणि त्या योग्यच होत्या. भाव पडला की पहिली कात्री रोजंदारीला लागते, हे कांदा काढायला जाणाऱ्या आपल्या आयाबायांना ठाऊक आहे. त्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही. कोणता माल कोणत्या देशाला जाईल हे ठरवणाऱ्या टेबलावर त्यांच्या घरातील कोणी बसलेले नसते. दुसरे उदाहरण धम्माचेच. २०२२ मध्ये मंगोलियाला आणि २०२४ मध्ये थायलंडला भारत सरकारने तथागतांच्या पवित्र अस्थी दर्शनासाठी पाठवल्या. बुद्ध हा आज आपल्या देशाच्या परराष्ट्र धोरणाचा भाग आहे. पाली शिकणारी, वंदना जाणणारी आपली मुले त्या कामात कोठे आहेत, हा प्रश्न विचारायला आपणच पुढे यायला हवे.

हे अशक्य नाही. केरळातील उळवूर गावच्या एका दलित कुटुंबात जन्मलेले के. आर. नारायणन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्कींच्या हाताखाली राज्यशास्त्र शिकले. १९४९ मध्ये ते परराष्ट्र सेवेत आले. युद्धानंतर दीर्घ काळ भारताचा राजदूत चीनमध्ये नव्हता. १९७६ मध्ये ते पद पुन्हा भरले गेले, तेव्हा पेकिंगला पाठवले गेले ते नारायणनच. ते पुढे राष्ट्रपती झाले हे मुलांना ठाऊक असते. त्याआधीची सारी वाटचाल अभ्यासाची होती, हे सांगायचे राहून जाते.

वाट मात्र अरुंद होत आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जाती इत्यादींसाठीच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल करून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. बाबासाहेबांचा एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतातील व्यापारावर होता. १९१६ मधला त्यांचा गाजलेला निबंध भारतातील जातींवर. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने जे दिले, ते या नियमाखाली त्यांना मिळाले नसते. याविरुद्ध आवाज उठला, पण आपल्या वस्त्यांतून तो फारसा ऐकू आला नाही, कारण त्या विषयांना जाणारी मुलेच आपण उरू दिली नव्हती. सामाजिक शास्त्रांत सिद्धान्त मांडणारे वरचे आणि माहिती गोळा करणारे खालचे अशी उतरंड तयार झाली आहे, हे गोपाळ गुरू यांनी २००२ मध्येच लिहिले होते. आपली मुले सर्वेक्षणाचे तक्ते भरतात, आणि त्यांचा अर्थ दुसरा कोणी लावतो.

पालकांची भाकरीची चिंता खोटी नाही. राज्यशास्त्राच्या पदवीने नोकरी मिळेलच, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. विज्ञानाकडे जाणाऱ्यांनी जावे. सर्वांनीच इकडे यावे असेही नाही. आमचे म्हणणे इतकेच, की दरवर्षी शंभर मुले विद्यालयातून बाहेर पडतात, त्यातील ज्या दोघा-तिघांना या विषयाची खरी ओढ आहे, त्यांना आपण घरी जाऊन परावृत्त करू नये. भाषेची अडचण सांगितली जाते. तिच्यासाठी राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांनी संपादित केलेला राज्यशास्त्र कोश मराठीत आहे, त्यापासून सुरुवात करावी आणि इंग्रजी बरोबरीने वाढवावे.

संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. या स्मरणिकेच्या जाहिरातींतून छपाईचा खर्च वजा जाता जी रक्कम उरेल, तिच्यातून दरवर्षी एका माजी विद्यार्थ्याचा किंवा विद्यार्थिनीचा राज्यशास्त्राच्या पदवीची तीन वर्षे वसतिगृहाचा व पुस्तकांचा खर्च उचलावा. अर्थशास्त्र हा जोडविषय असावा, एवढी एकच अट. रक्कम अपुरी पडली तर शिक्षकांनी महिन्याकाठी दोनशे रुपये द्यावेत. शिक्षक कक्षातील यादीवर आजवर सात नावे आली आहेत.